मदबसा

आधी जागेचं सांगते. मदबसा म्हणतात हिला.
खजुराची पोती आढ्यापर्यंत रचायची,
त्यांच्याच भाराने पाक झरायचा
आणि फरशीतल्या पन्हाळींतून
कोपऱ्यातल्या रांजणात उतरायचा.
मुहर्रकच्या धक्क्यापासून चाळीस पावलं.
इथे दवाखाना झाला तेव्हा पन्हाळी तशाच ठेवल्या,
जखम धुतलेल्या पाण्याला
उतार आयता मिळाला.

मुंग्यांना हे कोणी कळवलं नाही.
शंभराला चार वर्षं कमी,
मी रोज सकाळी फिनेल टाकते
आणि त्या येतात, गोडाच्या मागावर.
खाटेच्या पायांखाली वाट्या, वाट्यांत पाणी,
ही रीत पहिल्या दिवसापासूनची.

पैसा शेखचा नव्हता, गोऱ्यांचाही नव्हता.
लुलवा बिन्त सालिम, नाखव्याची विधवा,
हंगाम संपल्यावर गलबतागणिक उभी राहिली,
मोत्यांचे वाटे पडत होते तिथे.
म्हणाली, बुडी मारून जो वर आला नाही
त्याचाही वाटा काढा. तो माझ्याकडे द्या.
नाखवे हसले. मेल्याचा कसला वाटा?
उलट त्याचंच कर्ज आहे आमच्या वहीत,
पोरगा फेडेल.
ती म्हणाली,
कर्ज मरत नाही ना त्याचं?
मग वाटा कसा मेला?

त्या वाट्यावर सहा खाटा आल्या,
आयोडिनच्या बाटल्या, कापसाचे गठ्ठे,
आणि विसू सारंग, कंपाउंडर, जैतापूरचा,
सागवानाच्या गलबतातून तापाने फणफणत उतरलेला,
बरा झाला आणि राहिला.
वही त्याने मोडीत लिहिली.
मी देवगडची. मोडी गावात कोणी शिकवली नाही,
ती मी इथे शिकले, रात्रपाळीत,
त्याच्याच अक्षरावरून, एकेक गाठ सोडवत.

बिलाल, दोर ओढणारा. तळहात सोलले. तूप, हळद.
पाणबुड्या. कानांतून रक्त.
नाव विचारलं, ऐकू गेलं नाही.
नाव : नाही.
इसाक पेवेकर, हर्णै. ताप.
बायकोला पत्र लिहून घेतलं.
आणि खाली, दोन दिवसांनी, वेगळ्या शाईत :
पत्र टाकलं नाही.

मग मोत्यांचा भाव पडला ते वर्ष.
सबंध पानावर चारच ओळी.
यंदा वाटा आला नाही.
कोणी पाण्यात उतरलं नाही,
म्हणून कोणी बुडालं नाही. देवाची कृपा.
औषध संपलं.

पुढे विसूचं अक्षर थरथरतं आणि थांबतं.
पुढे जमिनीतून दुसरंच काही वर आलं,
मोठी इस्पितळं झाली, लिफ्टवाली,
आणि इथे उरले
ज्यांचा कागद कुठेच नाही ते.
गेल्या आठवड्यात बोधनचा एक पोरगा,
परांचीवरून पडलेला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
मनगट बांधताना मी काहीच विचारलं नाही,
तरी आकडा त्याने सांगितलाच,
एजंटचा, व्याजासकट.

पुढच्या महिन्यात दवाखाना बंद.
पन्हाळींवर काच बसणार, खाली दिवे,
लोक तिकीट काढून पाकाची वाट बघतील.
बाई, यादी करा, म्हणाले.
खाटा सहा. तराजू एक. रांजण, चिरलेला.
मुंग्या लिहाव्यात का, ठरेना.
आणि वहीचं एक पान काचेत उघडं ठेवू,
अक्षर चांगलं असेल ते निवडा.

मी नाव-नाही ते पान उघडलं.
खाली अर्थ लिहून देऊ का?
ते म्हणाले, नक्षी छान आहे, पुरे.

खाटा उद्या उचलणार आहेत.
तरी निघताना
वाट्यांत पाणी भरून आले.